पक्ष्याची वाट आणि माणसाची वाट

खेरडी हे नगर हवेलीतील एक गाव. पावसाळ्यात भातखाचरे भरली की येथील हिरवाई पाहून कोकणातील माणसाला परका मुलूख वाटतच नाही. वारली व कोकणा बांधवांची बोली कानी पडली की तर मुळीच नाही. मात्र या शांत भूमीने अंतर या शब्दाचा जो अर्थ जगाला शिकविला, तो भूगोलाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

नकाशावर दमण व सेलवास यांच्यामध्ये दोरा ताणला, तर अंतर भरते सुमारे 22 किलोमीटर. लहानशा विमानास दहा मिनिटेही पुरेशी! वापीवरून जाणारा रस्ता सुमारे 30 किलोमीटरांचा. मोटारीस तासभर लागतो.

मराठ्यांशी 1779 साली झालेल्या तहान्वये पोर्तुगीजांना बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख मिळावयाचा होता. त्यातून 1783 मध्ये नगर हवेली त्यांच्या हाती आली. दमण समुद्रकाठी, हवेली आत. मध्ये परक्यांची भूमी. पुढे ब्रिटिशांच्या काळातही ये-जा चालूच राहिली. परंतु 1954 च्या जुलैत दादरा मुक्त झाले आणि 2 ऑगस्टला सेलवासही. त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाच्या स्वयंसेवकांबरोबर सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही होते. भारताने पोर्तुगीजांना वाट नाकारली आणि ते 22 किलोमीटर एकाएकी अनंत झाले!

पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी गोवा, दमण व दीव यांना जोडणारी विमानसेवा सुरू केली. गोव्याहून दमण हवाई मार्गाने सुमारे 570 किलोमीटर. तेथे ते पोचत. दमणहून सेलवासला मात्र पोचत नव्हते! कारण खाली भारताची भूमी होती, तसेच वरचे आकाशही भारताचेच. तक्रार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला: खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती, सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना नव्हती, आणि 1954 मध्ये भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नव्हता. पुढे 11 ऑगस्ट 1961 रोजी हवेली भारतात विलीन झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दमणही मुक्त झाले.

आज सेलवासला प्रवासी विमानतळ नाही. रेल्वेसाठी वापी गाठावी लागते. 26 जानेवारी 2020 पासून दादरा-नगर हवेली व दमण-दीव हे एकच केंद्रशासित प्रदेश झाले आणि राजधानी दमणला गेली. खेरडीच्या माणसाला राजधानीच्या कचेरीत काम निघाले, तर आजही गुजरातची भूमी ओलांडूनच जावे लागते. मात्र आता त्याला कोणी अडवीत नाही, परवाना मागत नाही. एस.टी.च्या किंवा मोटारीच्या खिडकीतून तो बाहेर पाहत जातो, आणि हद्द केव्हा ओलांडली हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही म्हणूनच सांगतो: बाळांनो, अंतर पट्टीने मोजा, पण वाट खुली आहे की नाही, हे आधी विचारा. पक्ष्याला हा प्रश्न पडत नाही. माणसाला तो पडू नये, यासाठीच येथे पूर्वी कोणी तरी जिवाची बाजी लावली होती.