दारासुरमच्या जोत्यावर लेन्सची परीक्षा

कुंभकोणमहून पश्चिमेला चारेक किलोमीटरवर दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आहे. बारावं शतक, दुसऱ्या राजराज चोळाचा काळ. येणारे लोक दगडी रथमंडपाचे, त्याच्या घोड्यांचे नि चाकांचे फोटो काढून निघतात. मला ओढ होती ती मुख्य मंदिराच्या जोत्यावरच्या चिमुकल्या शिल्पांची. त्रेसष्ट नायन्मार शिवभक्तांच्या कथा तिथे ओळीने कोरल्या आहेत आणि सोबत तमिळ लेख आहेत. सपाट भिंत, बारीक काम आणि कोरलेलं अक्षर: लेन्स पारखायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. अक्षराची कड एक तर दिसते किंवा दिसत नाही, तिथे मतमतांतराला वाव नाही.

२०१२ साली निकॉनचा ३६ मेगापिक्सेलचा डी८०० आला, तेव्हापासून एक गोष्ट ऐकत आलो होतो: एवढ्या बारीक सेन्सरपुढे जुन्या लेन्स टिकत नाहीत, त्या विकून टाका. माझ्याकडे ४५.७ मेगापिक्सेलचा डी८५० आहे. त्याच्या एकेका पिक्सेलची रुंदी सुमारे ४.३५ मायक्रॉन, २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यात ती सहाच्या आसपास असते. त्यावर मी वडिलांची फिल्मच्या काळातली ५० मिलिमीटरची लेन्स चढवली. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा असल्यामुळे ती सहज बसते, फोकस मात्र हातानेच करावा लागतो. तुलनेला नवी ६० मिलिमीटरची मॅक्रो बरोबर होतीच.

पहिला अडथळा हवेचा होता. लॉजच्या एसी खोलीतून कॅमेरा कावेरीकाठच्या दमट सकाळी बाहेर काढला की समोरची काच क्षणात धुरकट होते. बॅग न उघडता अर्धा तास सावलीत ठेवणं हाच उपाय. दुसरा अडथळा ट्रायपॉडचा, कारण त्याला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. हातात धरून काढायचं तर पन्नासच्या लेन्सला १/५० शटर पुरतो हा फिल्मच्या काळातला हिशेब इथे चालत नाही. १/२५० खाली उतरलो की हाताचा सूक्ष्म कंपही अक्षरांच्या कडेवर उमटायचा. मला तर वाटतं, ‘लेन्स कमी पडली’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी मुळात हात हलल्याच्या असाव्यात.

सुंदरर या संताने मगरीने गिळलेलं मूल परत मिळवलं, त्या प्रसंगाचं शिल्प मी दोन्ही लेन्सनी, वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरला टिपलं. संध्याकाळी लॅपटॉपवर पूर्ण मोठं करून पाहिलं. एफ २ वर जुन्या लेन्सची मधली मगर ठीक होती, पण कोपऱ्यातली अक्षरं दगडात विरघळली होती. एफ ८ वर मधल्या भागात दोन्ही लेन्समधला फरक मला शोधावा लागला. कोपरे मॅक्रोचेच सरस. एफ १६ वर दोन्ही सारख्याच मऊ. तिथे लेन्सचा दोषच नसतो. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो, एफ १६ ला बिंदूचा ठिपका साधारण २१ मायक्रॉनचा होतो, म्हणजे जवळजवळ पाच पिक्सेलांएवढा. कितीही महागडी लेन्स घ्या, हे चुकत नाही.

दुसऱ्या सकाळी तोच फोटो मधल्याऐवजी कडेच्या अक्षरांवर फोकस करून काढला, आणि कडेची अक्षरं बरीच सावरली. म्हणजे कोपऱ्यांतली सगळी धूसरता लेन्सच्या कमकुवतपणाची नव्हती. तिचा फोकसचा पडदा किंचित वक्र आहे आणि भिंत सपाट. हे कळल्याचा मला मनापासून आनंद झाला. पुढे तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला मराठी शिलालेख मी याच जुन्या लेन्सने टिपला. प्रत्येक फोटो आधीच्यावर एक तृतीयांश चढवत गेलो, म्हणजे मजकूर नेहमी मधल्या भागात राहिला.

चष्म्याचा नंबर बदलल्यावर भिंतीवरचे डाग दिसू लागतात, ते काही चष्म्याने पाडलेले नसतात. नवा सेन्सर एवढंच करतो. तीच लेन्स २४ मेगापिक्सेलवर होती त्याहून इथे वाईट झालेली नाही, उलट थोडा जास्तच तपशील देते. ए३ आकाराच्या उत्तम छपाईला साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात. त्या आकारात दोन्ही लेन्सचे एफ ८ चे प्रिंट शेजारी ठेवले, तेव्हा मला ओळखता आले नाहीत. भिंतभर प्रिंट काढायचा असेल आणि कोपऱ्यापर्यंत अक्षर हवं असेल, तर मात्र मॅक्रोचे पैसे मोजावेत.

तुमच्या कपाटात फिल्मच्या जमान्यातली लेन्स असेल, तर आधी उजेडासमोर धरून आत बुरशी आहे का ते बघा. आपल्या हवेत सेन्सरपेक्षा तिचीच भीती जास्त. काच स्वच्छ असेल तर एफ ८ वर एखाद्या शिलालेखाचा फोटो काढा, आणि मगच ती विकायची की ठेवायची ते ठरवा.