फळा, पडदा आणि विषयमित्र

वर्गातील तंत्रसाधनांची चर्चा बहुधा साधनांच्या यादीपासून सुरू होते आणि यादीपाशीच संपते. किती शाळांना प्रोजेक्टर मिळाले, किती वर्गांत स्मार्ट टीव्ही बसले, किती टॅब वाटले गेले हे मोजणे सोपे असते, पण त्या साधनासमोर बसलेली मुले तासाभरात किती बोलली, हे कोणत्याही प्रपत्रात विचारले जात नाही. छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरील गाडिवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेत जे घडले, ते या न विचारलेल्या प्रश्नाच्या अंगाने तपासण्याजोगे आहे.

या शाळेने सप्टेंबर 2019 मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना आवडीची एखादी परदेशी भाषा निवडण्यास सांगितले, तेव्हा बहुतेकांनी जपानी निवडली, आणि त्यामागचे कारण यंत्रमानव व तंत्रज्ञान यांविषयीचे कुतूहल हे होते. शाळेकडे ना जपानीचे पाठ्यपुस्तक होते ना ती भाषा जाणणारे कोणी, म्हणून शिक्षकांनी इंटरनेटवरील चित्रफिती आणि भाषांतराची अ‍ॅप धुंडाळून सामग्री जमवली. पुढे या उपक्रमाची माहिती मिळाल्यावर शहरातील एका भाषातज्ज्ञाने विनामूल्य मार्गदर्शन देऊ केले आणि करोनामुळे शाळा बंद असताना, जुलै 2020 पासून, त्यांचे ऑनलाइन तास सुरू झाले. प्रत्येक घरात स्मार्टफोन असणे शक्यच नव्हते. त्यावर शाळेने काढलेला तोडगा ‘विषयमित्र’ हा होता, म्हणजे जे मूल ऑनलाइन तासाला बसू शकते, त्याने तेथे शिकलेले इतर सवंगड्यांना शिकवायचे.

या उपक्रमाच्या बातम्यांत जपानी भाषेचेच कौतुक अधिक झाले, आणि ते स्वाभाविकही होते, परंतु अध्यापनशास्त्राच्या, म्हणजे शिकवावे कसे याचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या दृष्टीने त्यातील मोलाचा भाग विषयमित्र हाच आहे. जे ऐकायचे ते संध्याकाळी दुसऱ्याला सांगायचे आहे हे ठाऊक असलेले मूल निराळ्या कानांनी ऐकते. कोठे अडले हे त्याला तासातच कळते, कारण पुढे तेथेच कोणीतरी आपल्याला अडवणार आहे, याची त्याला धास्ती असते. मात्र या पद्धतीला एक कीड लवकर लागते: वर्गातील हुशार, फोनवाले मूल कायमचे विषयमित्र होऊन बसते आणि बाकीचे त्याचे श्रोते होतात. म्हणून मित्र आळीपाळीने बदलावेत आणि शिक्षकाने मित्राला प्रश्न न विचारता, मित्राने ज्यांना शिकवले त्यांना विचारावेत, हे बरे.

पडदा कोठे कमी पडतो हे जपानी लिपीवरूनच चांगले दिसते. हिरागाना या लिपीत आज 46 मूळ अक्षरे वापरली जातात आणि प्रत्येक अक्षराच्या रेघा ठरावीक क्रमानेच काढायच्या असतात. त्यातील पहिले, ‘आ’सारखे उच्चारले जाणारे अक्षर तीन रेघांचे आहे, आधी आडवी, मग तिला छेदणारी उभी आणि शेवटी दोहोंमधून फिरणारे वळण. छापील तक्त्यावर किंवा स्लाइडवर हे अक्षर तयार होऊनच समोर येते, आणि मग मूल ते चित्र समजून कोठूनही गिरवू लागते. खडूने फळ्यावर अक्षर काढताना मात्र हात क्षणभर थांबतो, पुढची रेघ कोठून निघणार हे कोणीतरी ओरडून सांगते, चुकीचे सांगितले तर वर्ग हसतो, आणि या सगळ्यात अक्षर डोक्यात बसते. गणितातील रीत, विज्ञानातील आकृती, नकाशा यांनाही हेच लागू आहे: ज्या गोष्टीची घडण शिकवायची आहे ती फळ्यावर घडवावी, आणि जे हाताने दाखवताच येत नाही, उदाहरणार्थ जपानी माणसाचा उच्चार किंवा हृदयाच्या झडपांची उघडझाप, त्यासाठी पडदा राखून ठेवावा. चित्रफीत लावलीच तर ती अर्ध्यात थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारण्याची सवय शिक्षकाने लावून घ्यावी. सलग दहा मिनिटे चालणारी चित्रफीत वर्गाला गप्प बसवते, आणि अनेकांना ती आवडण्याचे खरे कारण तेच असावे, अशी शंका येते.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा योजना आली, तेव्हा प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य मिळावे, एवढीच अपेक्षा होती. तेथून 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचापर्यंत आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडपर्यंतचा पल्ला मोठा आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या क्यूआर कोडच्या कामाची चर्चा जगभर झाली. पण हा चौकोन म्हणजे साहित्याकडे नेणारा दरवाजा आहे, पाठ नव्हे; पाठाच्या नेमक्या कोणत्या वाक्यापाशी तो उघडायचा, हे शिक्षकाने आदल्या दिवशी ठरवलेले नसेल, तर नेटवर्क येईपर्यंत फोन उंच धरून उभे राहण्यात तासाची पाच मिनिटे जातात. साहित्य आदल्या दिवशी उतरवून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

लोकवर्गणीतून किंवा निधीतून खरेदी होते, तेव्हा सर्वांत आधी मोठा टीव्ही येतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. वापराच्या दृष्टीने क्रम निराळा असायला हवा. वीज आणि तिचे बिल यांची तजवीज आधी व्हावी, कारण बिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेत सर्वच उपकरणे सारखी निरुपयोगी ठरतात. त्यानंतर इन्व्हर्टर, आणि मग एक चांगला स्पीकर घ्यावा, कारण पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात टीव्हीचा स्वतःचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही आणि भाषेच्या तासाला चित्रापेक्षा आवाजाची गरज अधिक असते. पडदा त्यानंतरही एकच पुरतो. टॅबचा विचार सर्वांत शेवटी करावा, आणि तोही दोन-तीन मुलांत एक या हिशेबाने, म्हणजे त्यांना तो आपसांत बोलूनच वापरावा लागेल.