सुरुंगाची वेळ

घोडेगावहून भीमाशंकरला निघालेल्या गाड्या डिंभ्याला जरा रेंगाळतात. धरणाची भिंत, मागचं पाणी, दोन-चार फोटो, मग देवदर्शनाची घाई. भिंत चढत होती तेव्हा इथे माणसांचं एक अख्खं गाव वसलं होतं आणि काम सरताच उठून गेलं, हे त्यांना सांगणार कोण?

जुन्नर-आंबेगावच्या जमिनीत सोनं नाही, कोळसा नाही. आहे तो काळा पाषाण. त्यामुळे कोलार किंवा बल्लारपूरसारखी खाणीवर वाढलेली शहरं इथे झाली नाहीत. पण कुकडी प्रकल्पाची पाच धरणं याच दोन तालुक्यांत बांधली गेली: येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. येडगाव १९७७ला उरकलं, माणिकडोह १९८४ला, डिंभ्याचं काम २०००च्या सुमारापर्यंत चाललं. धरण म्हटलं की दगड आला, खडी आली, आणि खाणीभोवती वस्तीही आली. साहेबांची पक्की कॉलनी, कारकुनांच्या खोल्या, मजुरांच्या पत्र्याच्या शेड आणि सगळ्यांपासून लांब वडारांची पालं.

अशा वस्तीत घड्याळाचं काम सुरुंग करायचा. खडकात भोकं पाडून दारू ठासली, वाती जोडल्या, की लाल झेंडे लागायचे. शिटी वाजायची. बायका चुलीवरचं तसंच टाकून पोरांना बखोटीला धरून आडोशाला पळायच्या. वात पेटवणारा शेवटी धावत यायचा. त्याचं धावणं सगळ्यांच्या नजरा धरून ठेवायचं. मग बार. मुकादम बोटांवर मोजत उभा असायचा: ठासले किती, वाजले किती. एक जरी कमी वाजला तरी खाणीत कुणी पाऊल टाकायचं नाही. कधी धूर विरून गेला तरी तो हात वर करून उभाच, आणि त्याच्यामागे सगळी वस्ती गप्प. न वाजलेला बार कुठल्या दगडाखाली दबा धरून बसलाय, ते त्याला शोधायचं असे.

नंतर बायकांचं काम सुरू व्हायचं. दगड उडू नये म्हणून तो टायरच्या रबराच्या कड्यात धरायचा आणि वर हातोडा घालायचा. पिचलेली बोटं फडक्यानं बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुरुंगाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, या बायकांची कुणी सांगत नाही, आणि त्याचा राग यायलाच हवा.

दगडावर जगणं या मुलखाला नवं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी लेण्याद्री, तुळजा, मानमोडीचे डोंगर माणसांनी असेच टाकीनं फोडले. शिवनेरीवरचा एक लेख सांगतो, की इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दान दिली. दान देणाऱ्याचं नाव राहिलं. कातळ फोडणाऱ्यांचे हात मात्र भिंतीवरच्या तिरप्या घावांतूनच ओळखायचे.

डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ही मोठी गोष्ट. महाळुंगे पडवळचा हा मुलगा पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेला आणि १२ डिसेंबर १९३०ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला. वय अवघं २२. मजुराचं नाव पाण्याला मिळालं, ते योग्यच झालं. पण त्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, ज्याच्या नावाने तालुका अजून ओळखला जातो. कालव्याचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचलं आणि काठावरच्या आदिवासींना पाणी डोळ्यांसमोर ठेवून रोजगार शोधत हिंडावं लागलं. ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने ते संघटित झाले, मासेमारी सहकारी संस्था काढली, उतरत्या पाण्यामागची गाळपेर कसू लागले. २०१२ला या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

भिंत बांधणाऱ्यांची मात्र कुठली संस्था झाली नाही. खाण थांबली आणि पालं पुढच्या कामावर गेली. पालात जन्मलेल्या पोरांच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून काय लिहिलं गेलं असेल? ठेकेदारांचे हजेरीपट कुठे शिल्लक असतील तर ते कुणीतरी आता उघडावेत आणि त्यातली नावं डिंभ्याच्या भिंतीवर लावावीत. पहिलं नाव मुकादमाचं नको, खडी फोडणाऱ्या बाईचं हवं.