‘ए-वन’ ते पहिलं पान

टेलिफोन डिरेक्टरी खिळ्याला टांगलेली असायची त्या काळात भोसरीतल्या बऱ्याच वर्कशॉपांची नावं इंग्रजी ‘ए’नं सुरू व्हायची. कुलदैवत, थोरला मुलगा यांचा विचार व्हायचाच. पण पुढे ‘ए-वन’ लावलं की यलो पेजेसमध्ये प्रेस पार्ट्सवाल्यांच्या यादीत आपण वर दिसतो, हे दहावी नापास मालकालाही कळत होतं. आज पोरं लॅपटॉप उघडून ‘तुमची साइट गुगलच्या पहिल्या पानावर आणतो’ म्हणत कोटेशन पुढे सरकवतात, तेव्हा मला त्या ए-वनवाल्यांचं कौतुक वाटतं. त्यांचं काम एका अक्षरात भागलं.

मी तेव्हा ड्रिल, टॅप, कार्बाइडच्या टिपा विकत लांडेवाडीपासून चाकणपर्यंत स्कूटरवर हिंडायचो. नवं वर्कशॉप कुठे निघालं हे चहाच्या टपरीवर समजायचं. ‘नाणेकरवाडीत एकानं दोन लेथ टाकलेत. टर्निंग एक नंबर, पण पैशाला चिकट.’ एवढ्यात पत्ता, काम आणि उधारी किती द्यायची, तिन्ही आलं. पर्चेस ऑफिसरचीही रीत तीच. हातात ड्रॉइंग घेऊन तो जुन्या व्हेंडरला विचारायचा, ‘ग्राइंडिंगला बरा कोण?’ दोघा-तिघांनी एकच नाव घेतलं की त्या माणसाला बोलावणं जायचं. मग सॅम्पल, मग पहिली छोटी ऑर्डर, आणि रिजेक्शन आलं नाही तर पुढची वीस वर्षं. ‘टेल्कोचं (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचं) काम करतो’ हे वाक्य दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर तर चालायचंच, बँकेच्या मॅनेजरसमोरही चालायचं.

जाहिरात म्हणजे पेंटरनं पत्र्यावर रंगवलेली पाटी, टेम्पोच्या मागचा फोन नंबर, दिवाळीत वाटलेलं कॅलेंडर. चाकणच्या तळेगाव चौकात तेव्हा पाट्यांना जागा असायची. आता तिथे भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत, आणि ते वाचायला ट्रॅफिक जॅममुळे वेळही भरपूर मिळतो.

हे सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. टपरीवर ज्याचं नाव निघत नव्हतं त्याला दारच नव्हतं. नाव निघायचं ते गाववाल्याचं, नात्यातल्याचं, पर्चेसवाल्याच्या ओळखीतल्याचं. लातूरकडून आलेला, आयटीआय झालेला, हाताला कसब असलेला पोरगा गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून महिनोन् महिने परत जायचा. बाई वर्कशॉप चालवते म्हटल्यावर ‘मालक कुठे आहेत?’ हा प्रश्न ठरलेला.

चाकणही तेव्हा वेगळं होतं. कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग, एवढीच त्याची ओळख. बजाजचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले, मागोमाग महिंद्रा. खराबवाडी, निघोजे, कुरुळीच्या शेतांत शेड उभ्या राहिल्या. आता ग्राहक पुण्यातला राहिला नव्हता; चेन्नईत किंवा जर्मनीत बसलेल्या माणसाला टपरीवर कोण काय बोलतं ते कसं कळणार?

याच दरम्यान वेबसाइटवाले आले. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं होतं, पण आमच्याकडे साइटची हवा पोचायला पुढची पाच-सात वर्षं गेली. पहिल्या साइटी बघण्यासारख्या होत्या. वर सरकणारी पट्टी, हात जोडून उभी बाई, खाली ‘तुम्ही अमुकावे पाहुणे’ सांगणारा आकडा. तो आकडा मालक स्वतःच रोज उघडून वाढवायचा. पानाच्या पोटात कीवर्ड कोंबलेले, काही बहाद्दर तर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत देशभरच्या गाड्यांची नावं लिहून ठेवायचे. माणसाला दिसू नये, यंत्राला दिसावं म्हणून. पानाच्या कोडात लपवलेला कीवर्डचा टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गुगलनं २००९ मध्ये जाहीर सांगितलं. तरी त्याचे पैसे घेणारे त्यानंतरही भेटत राहिले.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गुगल कंपनी काढली. त्यांची मूळ युक्ती अशी: ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं, आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर त्याच्या बोटाला जास्त किंमत. हे तर आमच्या पर्चेस ऑफिसरचंच गणित! चौघांनी नाव घेतलं, त्यात एक टेल्कोचा जुना व्हेंडर, म्हणजे माणूस बरा. फरक असा की टपरीवर खोटं नाव घेणारा आठवड्याभरात उघडा पडायचा, कारण दुसऱ्या दिवशी त्याला तिथेच चहाला यायचं असायचं. इंटरनेटवर बोटं विकत मिळू लागली. शेकड्यानं लिंका विकणारी दुकानं निघाली. गुगलनं २०११ मध्ये ‘पांडा’ आणून भरताड मजकुराच्या साइटी खाली ढकलल्या, २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आणून विकतच्या लिंकांवर काठी उगारली. आता तोच धंदा पाच ताऱ्यांच्या रिव्ह्यूंमध्ये शिरलाय. ज्या कारखान्याचं काम सगळं जॉबवर्कचं, त्याच्या नावाखाली ‘खूप छान, फॅमिलीसोबत नक्की या’ असं लिहिलेलं मी वाचलंय.

जाहिरातीचं आणखी निराळं. ‘व्हीएमसी जॉबवर्क चाकण’ असं कुणी टाइप केलं की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्या शब्दांसाठी लिलाव होतो. गुगलनं जाहिरातींचा धंदा २००० मध्ये सुरू केला. कोण किती बोली लावतो यासोबत जाहिरात आणि तिच्या मागचं पान कितपत कामाचं आहे हेही बघितलं जातं, म्हणून जास्त पैसे टाकणारा दर वेळी वर येतोच असं नाही. कांद्याचा लिलाव चाकणकरांना नवा नाही. पण मार्केट यार्डात व्यापारी माल हातात घेऊन बघतो आणि बोली चारचौघांत होते. इथे शेजारच्यानं किती लावले ते कळत नाही, बिल तेवढं येतं.

तरीही आजचं मला बरं वाटतं, कारण तो लातूरचा पोरगा आता गेटवर अडकत नाही. शेडचा फोटो, मशिनची यादी आणि नकाशावरची खूण फुकटात टाकता येते. बाई मालक आहे की पुरुष, हे शोधणाऱ्याला दिसतही नाही. गेलं ते एवढंच की ‘पैशाला चिकट’ हे आधी सांगणारं कुणी उरलं नाही. आणि हल्ली शोधलं की वरच एआयनं बनवलेलं तयार उत्तर येतं. साइट उघडायचेही कष्ट लोक घेत नाहीत. म्हणजे पहिल्या पानासाठी पैसे मोजलेल्यांची पंचाईतच.

म्हणून आपल्या भागातल्या छोट्या कारखानदारांना सांगतो. पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. त्या पैशात साइटवर खरी माहिती नीट लिहून घ्या: मशिन कोणती, किती मापाचा जॉब बसतो, टॉलरन्स किती, कुठलं मटेरियल. फोटो स्वतःच्या शेडचा टाका, चकाचक परदेशी रोबोंचा नको. पत्त्यात नुसतं ‘महाळुंगे’ लिहू नका, ‘महाळुंगे इंगळे, तालुका खेड, ४१०५०१’ असं पूर्ण लिहा, नाहीतर मालाची गाडी बालेवाडीजवळच्या महाळुंग्यात जाऊन उभी राहील. हेच सगळं मराठीतही लिहा, कारण टेम्पोवाला, फिटर आणि कामाच्या शोधात आलेला पोरगा मराठीत शोधतो. आणि साइटवर दिलेला फोन उचला.