गरिबांचा ताज आणि माझं वन आरके

आमच्या शहरात (छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद) आलेला पाहुणा बीबी का मकबरा बघतो आणि हमखास म्हणतो, "ताजमहालाची स्वस्तातली कॉपी!" शाळेत असताना ह्याचा फार राग यायचा. आता येत नाही. कमी बजेटमध्ये घर करणं काय असतं ते गेले तीन महिने मी स्वतःच अनुभवतोय ना!

मकबऱ्याचं गणित बघा. बांधकाम साधारण १६६० च्या आसपासचं. खर्च सांगितला जातो ६ लाख ६८ हजार २०३ रुपये. ताजचा हिशोब कोटींमधला. मग ह्या लोकांनी केलं काय? संगमरवर लावला तो खाली भिंतीच्या बुडाला आणि वर घुमटाला. मधल्या काळ्या दगडावर गुळगुळीत पॉलिश केलेला गिलावा. दारावरच्या लेखात वास्तुविशारद अताउल्लाच्या जोडीला हंसपत राय ह्या इंजिनिअरचंही नाव आहे. म्हणजे आमच्यातलाच माणूस! पैसा सगळीकडे पुरणार नसेल, तर तो नेमका कुठे लावायचा, हे ठरवणं म्हणजेच इंजिनिअरिंग, असं माझं मत झालंय.

तर मंडळी, माझी खोली. सिडकोत, अकरा बाय चौदा फूट, म्हणजे १५४ स्क्वेअर फूट. बाजूला ओटा आणि बाथरूम. एकटा होतो तोवर चाललं. पण आईचे गुडघे आता गावातल्या घराला दाद देईनात, आणि वन बीएचकेचा हप्ता माझ्या पगाराला दाद देईना. म्हणून आहे त्याच खोलीत दोघं. बजेट दीड लाख.

तयार फर्निचर ह्या मापात बसतच नाही, म्हणून मिस्त्री लावला. आठ बाय चारच्या प्लायच्या शीटमधून तुकडे कसे काढायचे ते आधी वहीत आखून घेतलं. माझं ऑफिसचं टेबल भिंतीला, पियानो बिजागरीवर. काम संपलं की खाली पाडायचं. माझी गादी दिवसा कपाटात. डबे, पुस्तकं, बॅगा सगळं दाराच्या वरच्या माळ्यावर.

अडलं ते पलंगाशी. मिस्त्री म्हणाला, "सर, आईंचा पलंगबी फोल्डिंग करा. सहा बाय तीन, अठरा फूट जागा मोकळी होते." हिशोब बरोबर होता, खोलीच्या जवळजवळ बारा टक्के. आई फोनवर त्याच्याही पुढे. "मला कशाला रे पलंग? एक सतरंजी दे, सकाळी गुंडाळून ठेवीन." तिच्या त्या 'गुंडाळून ठेवीन' मध्ये सगळं आलं. रोज सकाळी जागा आवरावी लागते ती पाहुण्याला. मी मिस्त्रीला सांगितलं, ह्या घरात काय वाटेल ते दुमडेल, आईचा पलंग दुमडणार नाही. खिडकीजवळ, वीस इंच उंच (कमी उंचीवरून तिला उठवत नाही), उशाशी धरायला लाकडी कठडा. सागवान लावलं ते फक्त ह्या कठड्याला, कारण हात तिथे पडणार. बाकी सगळीकडे साधा सनमायका.

रंगाचंही तसंच. छत पांढरं, भिंती फिक्या पिवळ्या, म्हणजे एका खिडकीचा उजेड आतपर्यंत पोचतो. एकच गडद रंग, निळा. तो बाथरूमच्या उंबऱ्याला आणि ओट्याच्या कडेला. मोतीबिंदूमुळे आईला पांढऱ्या फरशीवरचा पांढरा उंबरा दिसत नाही. पेंटरला वाटलं मला रंगाची आवड नाही. असो.

आईला येऊन दोन आठवडे झाले. पहिले काही दिवस ती पलंगाच्या कडेलाच बसायची, एसटीत तिसऱ्या सीटवर बसल्यासारखी. परवा शेजारच्या काकू आल्या. मी भिंतीकडे तोंड करून मीटिंगमध्ये. मागून ऐकू आलं, "या ना, इथं माझ्या पलंगावर बसा ऐसपैस."

मीटिंगमध्ये कोणी काय विचारलं ते मला दोनदा परत विचारावं लागलं :-)