उताराचा हिशेब

गेल्या शनिवारी सकाळी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील माझ्या घरासमोर, 1989 सालच्या टोयोटा पिकअपचे पुढचे उजवे चाक उतरवून मी ब्रेकच्या डिस्कवरून बोट फिरविले, तेव्हा बाहेरच्या काठाशी नख अडावे असा एक उंचवटा लागला. तो उंचवटा हीच त्या डिस्कची मूळची जाडी. पॅडचा स्पर्श तिथवर कधी पोहोचलाच नव्हता, आणि त्याच्या आतले बिडाचे लोखंड मात्र वर्षानुवर्षांच्या माझ्या थांबण्यांनी कणाकणाने झिजून रस्त्यावर सांडले होते.

माझा आणि ब्रेकचा परिचय जुना आहे. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, कोयना प्रकल्पावर सरकारी जीप चालवीत. कोयनानगराहून साहेबलोकांना घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा, खाली पोफळीला भूमिगत वीजगृहाच्या कामावर सोडायचे आणि दिवेलागणीला पुन्हा वर यायचे, हा त्यांचा शिरस्ता. रविवारी साहेब नसत आणि एखादे दफ्तर पोचविण्याचा हुकूम असे, तेव्हा मला मागच्या बाकावर बसण्याची मुभा मिळे. त्या जीपला चारही चाकांना ड्रमब्रेक. घाट सुरू होण्यापूर्वी अण्णा गाडी जवळजवळ उभी करीत, खालचा गिअर टाकीत आणि मग सबंध उतारभर इंजिन घुमत राही. पाय ब्रेकवर पडे तो वळणापुरता आणि तोही, ओल्या भिंतीला हात लावून पाहावा तसा. “ज्या गेरात चढायचं, त्याच गेरात उतरायचं,” एवढेच त्यांचे वाहनशास्त्र. पावसाळ्यात ओढा ओलांडला की ते चालत्या गाडीतच ब्रेक हलकासा दाबून धरीत, कारण ड्रममध्ये शिरलेले पाणी घर्षणाच्या उष्णतेने आटल्याखेरीज लायनर पकड घेत नसत. पायथ्याशी उतरून ते चाकाजवळ वाकत आणि वास घेत. जळका वास आला नाही म्हणजे स्वारी खूश.

त्या वासाचा अर्थ मला पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयात कळला. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोसळून पोफळीला वीज होते. आणि त्याच सह्याद्रीवरून, त्याच पोफळीला उतरणाऱ्या जीपची ऊर्जाही कुठेतरी जावीच लागते. पाण्याला टर्बाइन मिळाले, जीपला इंजिनाचा अवरोध आणि चार ड्रम. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही, तर सारा भार त्या ड्रमांवर पडतो, ते तापतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड ऐन गरजेच्या वेळी सुटते. अठराशे किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटरच्या वेगावरून एकदा थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात सुमारे दोन लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे घरच्या बैठकीला पुरेल इतका चहा, आणि तोही दर थांबण्याला! डिस्क उघडी फिरते, वारा खाते, म्हणून ती ही उष्णता ड्रमपेक्षा लवकर टाकून देते. 1953 साली ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाड्यांनी हे जगाला दाखविले. तथापि लवकर टाकते याचा अर्थ हवे तितके सोसते असा नव्हे.

तो अर्थ मी मात्र घेतला होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी पाइक्स पीकवर गेलो. शिखर 14,115 फूट. परतीच्या वाटेवर ग्लेन कोव्ह नावाच्या ठिकाणी उतरणारी प्रत्येक गाडी थांबवून तिच्या ब्रेकचे तापमान तपासले जाते. बोलण्याच्या नादात मी वरच्याच गिअरमध्ये उतरलो होतो. तेथील तरुण कर्मचाऱ्याने हातातला तापमापक चाकाकडे रोखला, आकडा पाहिला आणि अत्यंत अदबीने मला गाडी बाजूला घेऊन ब्रेक निवेपर्यंत थांबावयास सांगितले. पाहुणे आनंदाने छायाचित्रे काढावयास उतरले. मी चाकाजवळ वाकलो; वास येत होता.

त्यानंतर ब्रेक दाबताच सुकाणू थरथरू लागले. लोक अशा वेळी डिस्क वाकली म्हणतात. बहुधा ती वाकलेली नसते, तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर असमान बसलेला असतो आणि मग झीजही असमान होते. नुसते पॅड बदलून भागवावे हा आळशी मोह मलाही झाला, पण मायक्रोमीटरने मोजलेली जाडी किमान मर्यादेच्या खाली भरली, तेव्हा वादाला जागा उरली नाही.

नव्या मोटारींची डिस्क कॅलिपर काढताच हाती येते. या जुन्या चारचाकी-चालनाच्या गाडीची डिस्क हबच्या मागच्या अंगाला बोल्टांनी जखडलेली असल्यामुळे चाकाचे सारे अंतःपुरच उघडावे लागते. कॅलिपर सोडवून तारेने टांगायचा, नळीवर त्याचा भार येऊ द्यायचा नाही. मग लॉकिंग हबचे सहा नट. त्यांखालच्या शंकूच्या आकाराच्या वॉशरी, इकडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात शिंपडतात त्या मॅग्नेशियम क्लोराइडने अशा काही धरल्या होत्या की पितळी हातोडीने तासभर आर्जवे केली तेव्हा त्या सुटल्या. पुढे 54 मिलिमीटरचा नट, तो गेल्यावर बेअरिंग, आणि बेअरिंगमध्ये काळे पडलेले ग्रीस. ते धुऊन, नवे ग्रीस तळव्यावर घेऊन बेअरिंगच्या पोटात दाबून भरताना माझी बोटे अण्णांच्या बोटांसारखी दिसू लागली. साबणाने तो रंग जात नाही, रॉकेलने जातो, हे ज्ञानही त्यांचेच. जोडणीच्या वेळी नट किती आवळावा याची परीक्षा ताणकाट्याने घ्यायची असते. काटा चाकाच्या बोल्टला अडकवून ओढावा, आणि हब नेमक्या किती ओढीला हलते ते पाहावे. सबंध कामात मला सर्वांत अधिक आवडले ते हेच; अंदाजाने आवळलेला नट एक तर बेअरिंग जाळतो किंवा चाक डुलवतो.

अण्णांच्या जीपचे ड्रम बदललेले माझ्या आठवणीत नाहीत. घाट रोजचा होता, आणि मी तर त्या शिखरावरून वर्षाकाठी फार तर दोनदा उतरतो.

उजवे चाक संध्याकाळी बसले. डिस्का जोडीनेच बदलाव्या लागतात, म्हणून गाडी अद्याप ठोकळ्यांवरच उभी आहे. डाव्या बाजूच्या वॉशरी मी रात्री तेलात भिजवून ठेवल्या आहेत.