औषध न मानलेले औषध

आपल्याकडे घरातली औषधे दोन जागी असतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली कपाटातल्या डब्यात. आणि खाण्याचा सोडा, ईनोची पुडी, कॅल्शियमची बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर. ‘आणखी काही घेता का?’ असे मी विचारले, की उत्तर पहिल्या डब्यापुरतेच मिळते.

गेल्या डिसेंबरात अमेरिकेतून सुटीसाठी साताऱ्यास आलेला एक सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. झोप नाही, छातीत धडधड, अन्नावर वासना नाही. वडिलांच्या मते तो प्रवासाचा शीण होता. आजींच्या मते पाणी बाधले होते. मुलास अतिचंचलता व अवधानाचा अभाव, म्हणजे एडीएचडी, यासाठी ॲम्फेटामाइन वर्गातील गोळी रोज सकाळी चालू होती. घरात जे जे पोटात जाते ते सारे पिशवीत घालून आणा, असे मी सांगितले. पिशवीतून ईनोच्या पुड्यांचे जवळजवळ रिकामे झालेले खोके निघाले. मिसळ आणि कंदी पेढ्यांच्या पाहुणचाराने नातवाला जळजळ होई आणि आजी दोन्ही वेळा मायेने पेला फसफसवून देत.

वाचकहो, ॲम्फेटामाइनचा मुलांवरील उपयोग डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला; म्हणजे औषध जुनेच आहे. ते स्वतः अल्कधर्मी आहे. लघवी आम्ल असेल तर मूत्रपिंडे ते भराभर बाहेर टाकतात. सोड्याने लघवीची आम्लता गेली, की तेच औषध पुन्हा रक्तात शोषले जाते. लघवीवाटे बाहेर पडणारा त्याचा हिस्सा यामुळे १ टक्क्यापासून ७५ टक्क्यांपर्यंत बदलू शकतो. शिवाय पोटातले आम्ल मारल्याने शोषणही वाढते. गोळी तीच, मात्रा तीच, परंतु रात्र झाली तरी अंमल उतरत नाही. उलट, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने तिचा प्रभाव कमी होऊ शकतो.

मुलाच्या त्रासाचे कारण केवळ सोडाच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही; जागरण होते, उलटलेले दिवसरात्र होते. सोडा बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत धडधड थांबली, एवढे खरे.

आपल्याकडे या आजारासाठी बहुधा मेथिलफेनिडेट देतात. त्याच्या साध्या गोळीला आम्लपित्ताच्या औषधाची फारशी बाधा होत नाही. मात्र दिवसभर पुरणाऱ्या काही कॅप्सूलचे आवरण पोटातील आम्लतेच्या हिशेबाने विरघळते. तेथे वेळापत्रक बिघडू शकते. म्हणून आपल्या पाल्याची गोळी नेमकी कोणत्या प्रकारची, हे विचारून घ्यावे. दूध-दह्यातल्या कॅल्शियमची धास्ती नको. परंतु बाटलीतले कॅल्शियम पुष्कळदा कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि तेच आम्लपित्तावरही देतात. म्हणजे हाडांसाठी घेतलेली गोळी नकळत जळजळीचेही औषध ठरते.

त्या पिशवीत आजींची स्वतःचीही भानगड निघाली. थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी त्या पहाटे एकाच घोटात घेत. येथे प्रकार उलटा. कॅल्शियम थायरॉईडच्या औषधाला आतड्यातच धरून ठेवते, ते रक्तात पुरते पोहोचत नाही आणि टीएसएच चढलेला राहतो. मग मात्रा वाढवली जाते, आणि पुढे कधी कॅल्शियम थांबले तर तीच मात्रा जास्त होऊन हृदयाला त्रास देते. यावर उपाय सोपा: दोहोंमध्ये चार तासांचे अंतर. आजींचे कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर गेले आणि टीएसएच सहा आठवड्यांनी तपासायचा ठरला.

‘मग नातवालाही चार तासांनी ईनो देऊ का?’ आजींनी लगेच विचारले. प्रश्न रास्त होता, उत्तर मात्र नाही असे होते. आतड्यातली गाठ अंतराने टळते; लघवीची आम्लता एकदा गेली, की ती काही तास तशीच राहते. दोन गोळ्यांत अंतर ठेवले की झाले, हा आपला सरसकट ठोकताळा येथे लागू पडत नाही. गोळी मनाने बंद करू नका, अमेरिकेतील डॉक्टरांना कळवा, असे मी वडिलांना सांगितले. जळजळीसाठी रात्रीचे जेवण हलके व लवकर, आणि मिसळ फक्त रविवारी. ही शेवटची अट मुलाला सर्वांत जड वाटली.